शुक्रवारी तीनची केरसुणी

सोमवार, ६ मे

नवी नोकरी, नवी रोजनिशी, नव्या चपला. चपला चावल्या, बाकी सगळं झकास.

रोजनिशी आत्याने दिली. पहिल्या पानावर ‘नाव’ असं छापलंय आणि पुढे टिंबांची रेघ. तिथे मी माझं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिलं. आत्या म्हणाली, लहानपणापासून तुझं पहिलं पान तेवढं देखणं असतं, पुढे सगळे कोंबडीचे पाय. मला आठव्या वर्षापासून तिनेच वाढवलंय, तेव्हा तिला बोलायचा हक्क आहे. आमच्या घरात माणसं दोनच, पण आवाज दहांचा. ती स्वयंपाकघरातून ‘ठके’ म्हणून हाक मारते ती खालच्या मजल्यावर ऐकू जाते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, एक लांबट खोली. कंपनी इमारतींच्या दारांसाठी प्रोग्रॅम लिहिते. कार्ड टेकवलं की दार उघडतं आणि कोण आलं, कोण गेलं याची नोंद होते. हा प्रोग्रॅम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून लिहितात त्याची आवृत्ती चौदा वर्षं जुनी आहे. नवी आवृत्ती आणायची, रोजचं काम तिच्यात सुरू करायचं आणि जुनं सगळं तिच्यात हलवायचं, यासाठी मला घेतलंय. साहेब म्हणाले, आम्ही जुन्याला चिकटून बसलोय, तुम्ही जरा झाडझूड करा. माझ्या हातात केरसुणी दिली की घरात काय उरतं, हे त्यांनी आत्याला विचारायला हवं होतं.

माणसं मोजकी. साहेबांना नावं लक्षात राहत नाहीत, ते सगळ्यांना कामावरून ओळखतात. एक चाचणीवाली आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो, तिला सगळे दुर्बीण म्हणतात. आणि काका. अर्धा प्रोग्रॅम काकांच्या हातचा आहे. त्यांचं खरं नाव काय ते मी विचारलं नाही, काका म्हटलं की ते वळून बघतात, तेवढं पुरे.

दुपारी काकांनी मला इथली एक रीत शिकवली. तिला पाटी लावणं म्हणतात. नव्या माणसाने पहिल्या दिवशी प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या नावाचा एक छोटा तुकडा लिहायचा आणि एक घरच्या माणसाच्या नावाचा. एका तुकड्याने दुसऱ्याला कामाला लावणं याला सगळे ‘कॉल करणं’ म्हणतात, काका ‘हाक मारणं’ म्हणतात. प्रत्येक तुकडा गप्प बसून असतो, कोणी हाक मारली की उठून आपलं काम करतो. प्रोग्रॅम सुरू होतो ती जागा म्हणजे मोठं दार. तिथे हजेरीची यादी असते. रोज सकाळी त्या यादीतून आपल्याला हाक येते, मग आपण घरच्या माणसाला हाक मारायची. काकांची पाटी उठली की पडद्यावर येतं, ‘आलो, पाणी द्या.’ मग ती काकूंच्या पाटीला हाक मारते आणि काकूंची पाटी म्हणते, ‘आधी हात धुवा.’ चौदा वर्षं रोज सकाळी हे दोघं पडद्यावर एवढंच बोलतात. मी हसले, पण पाटी लावली. माझी म्हणते, ‘आले एकदाची.’ आत्याची म्हणते, ‘ठके, जेवलीस का?’

आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, मग जेवलीस का ते आधी सांग.

बुधवार, ८ मे

नवी आवृत्ती सगळ्यांच्या मशीनवर बसली. काय देखणी आहे. टाइप करायच्या आधीच तिला कळतं आपल्याला काय लिहायचंय. दुर्बिणीने दिवसभर चुका शोधल्या आणि संध्याकाळी नाक मुरडून सांगितलं की सापडल्या नाहीत.

मला सगळ्यात आवडली ती केरसुणी. ज्या तुकड्याला कुठूनच हाक येत नाही त्याचं नाव पडद्यावर राखाडी होतं. हे जुन्या आवृत्तीतही व्हायचं, पण तिथे राखाडी नावं वर्षानुवर्षं लोळत पडायची. नव्या आवृत्तीत कोपऱ्यात केरसुणीचं चित्र आहे. दिवस आणि वेळ ठरवून दिली की ती आपली आपण राखाडी नावं झाडून टाकते. मी शुक्रवार दुपारचे तीन ठरवले. पुढच्या सुधारणा आपोआप बसत जाव्यात अशीही खूण करून टाकली, दर वेळी कोण विचारत बसणार.

काकांना केरसुणी पटली नाही. म्हणाले, हाक येत नाही म्हणजे नकोसा झाला असं थोडंच असतं, कधीतरी लागतो. मी म्हटलं, काका, आपण तुकड्यांबद्दल बोलतोय. दुर्बीण खुसखुसली. काका आपला चष्मा पुसत बसले.

मंगळवार, १४ मे

आज माझी भर मीटिंगमध्ये शोभा झाली.

गेल्या शुक्रवारी केरसुणीने चार हजार ओळी झाडल्या. साहेब खूश होते, मीही हवेत होते. आज काका उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, त्यात आगीचा तुकडाही गेलाय. आग लागली की सगळी दारं एकदम उघडणारा तुकडा. त्याला हाक आतून येत नाही, बाहेरच्या भोंग्याकडून येते, आणि केरसुणीला बाहेरची हाक दिसत नाही. अशा तुकड्याच्या डोक्यावर ‘बाहेरून हाक येते’ अशी एक ओळ लिहून ठेवावी लागते. काकांनी तुकडा परत आणला होता, ओळही लिहिली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, माणसं आत जळाली असती आणि दारं बंद राहिली असती.

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. साहेबांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही वाचून झाडता की न वाचता. दुर्बिणीने ते वहीत लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले तेव्हा मी हजेरीची यादी उघडली आणि सगळ्यात वरची ओळ, काकांची, काढून टाकली. लगेच त्यांची पाटी राखाडी झाली. बघू दे म्हटलं म्हाताऱ्याला दोन दिवस स्वतःचं नाव राखाडी. कळू दे कसं वाटतं ते.

शुक्रवार, १७ मे

 गेले दोन दिवस काका काही बोलले की कोणी वर बघत नाही. काल साहेबांनी सगळ्यांना काम वाटून दिलं, त्यांना द्यायचं राहिलं. आज जेवताना ते माझ्या टेबलापाशी आले, जरा घुटमळले आणि म्हणाले, बाई, मला एकदा हाक मारता का. मी विचारलं, कशाला. म्हणाले, सहज, आज दिवसभर कोणी मारली नाही. मी म्हटलं, काका, मी कामात आहे.

पावणेतीनला मला यादीची आठवण झाली. ओळ परत घालायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण चहा नुकताच आला होता. झाडली गेली तर सोमवारी परत लिहू म्हटलं, दोन ओळींची तर पाटी.

तीन वाजता केरसुणी फिरली. छान आवाज आहे तिचा, अंगण झाडल्यासारखा.

सोमवार, २० मे

काका आले नाहीत. मी दुर्बिणीला विचारलं. ती म्हणाली, कोणते काका?

मला वाटलं चेष्टा करतेय. साहेबांना विचारलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, तुमचे काका इथे काम करतात हे तुम्ही मुलाखतीत सांगितलं नव्हतं. काकांच्या खुर्चीवर कागदांचे खोके आहेत. खोक्यांवर धूळ आहे, एका दिवसाची नाही, वर्षांची.

प्रोग्रॅमची जुनी नोंद उघडली. कोणी कधी काय लिहिलं ते सगळं तिथे राहतं. काकांच्या चौदा वर्षांच्या कामापुढे लिहिणाऱ्याची जागा कोरी आहे आणि त्यांची झाडलेली पाटी तिथेही नाही. मग त्यांची पाटी नव्याने लिहायला बसले आणि बोटं थांबली. पाटीला नाव लागतं. मला त्यांचं नाव माहीत नाही, ओळ काढताना समोर होतं तेही मी वाचलं नाही. जगात काका हजार असतील.

मलाही ते धूसरच आठवतात. या रोजनिशीत लिहिलं नसतं तर मीही विचारलं असतं, कोणते काका.

यादीतून ओळ काढल्याचं कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दुपारी साहेबांना सुचवलं की यादीला कुलूप लावूया. यादी फक्त साहेबांनी बदलायची, बाकी प्रत्येकाला आपली आणि आपल्या घरची पाटी तेवढी उघडेल. साहेब म्हणाले, उत्तम, तुम्ही शिकताय.

बुधवार, २२ मे

आज दुपारी एक बाई ऑफिसच्या दाराशी आली. साठीची, नीट इस्त्रीची साडी, हातात स्टीलचा डबा. कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं तर तिला सांगता येईना. म्हणाली, डबा कोणाचा तरी राहिलाय. रोज सकाळी मी दोन माणसांचं करते आणि एकाचं उरतं. ती टेबलाटेबलाशी गेली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. माझ्याशी येऊन म्हणाली, तुम्ही हात धुतलेत का?

मी ओळखलं.

काकूंची पाटी अजून आहे. राखाडी आहे. गेल्या शुक्रवारी तीनपर्यंत काकांची पाटी तिला हाक मारत होती म्हणून ती वाचली, आता हाक मारणारे काकाच झाडले गेले आणि या शुक्रवारी तिची पाळी आहे. काकूंचं नाव पडद्यावर स्वच्छ दिसतंय. साहेबांकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं की हे एक नाव यादीत घाला. पण ते विचारतील, ही कोण. मग विचारतील, तिला हाक मारणारा कोण होता. मग विचारतील, त्याची ओळ कोणी काढली. नोकरी लागून तीन आठवडे नाही झाले.

मी काकूंना जिन्यापर्यंत सोडायला गेले. डबा जड होता, तो मी खालपर्यंत धरला. त्या खूप वेळ थँक्यू म्हणत होत्या.

शुक्रवार, २४ मे

तीन वाजता मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा झाडून झालं होतं.

घरी गेल्यावर आत्याने विचारलं, रडतेस का. मी म्हटलं, डोळ्यांत कचरा गेला.

मंगळवार, २८ मे

काम संपलं. शेवटचा जुना तुकडा आज नव्या आवृत्तीत गेला. साहेबांनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाले, नवी आवृत्ती सुचवतेय की हजेरीची यादी लहान केली तर प्रोग्रॅम लवकर सुरू होईल, पुढच्या कामाला जे लागतात तेवढेच ठेवतो. मीही टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलंही.

चार वाजता खाली जाऊन आले तर माझ्या कार्डावर दार उघडेना. आत दुर्बीण दिसत होती. काचेवर टकटक केली. तिने पाचव्या टकटकीला वर बघितलं.

माझी पाटी उघडली. ‘आले एकदाची.’

राखाडी.

बुधवार, २९ मे

साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, काकांचं, काकूंचं, ओळीचं, चहाचं. ते ऐकत होते की काय कोण जाणे. शेवटी अदबीने विचारलं, आपण कोणत्या कामासाठी आलात? मी म्हटलं, नवी आवृत्ती. ते म्हणाले, ते काम झालं.

दुर्बिणीचे पाय धरायचे बाकी ठेवले. तिची पाटी यादीत आहे. तिने तिच्या पाटीत एक ओळ लिहिली, मला एक हाक मारली, की मी सुटले. काकूंच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. तिने वही उघडली, शांतपणे. म्हणाली, मी सकाळीच तपासलं. तुम्हाला काढून प्रोग्रॅम चालवून बघितला. काहीच बिघडत नाही.

मग म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका, हे फक्त चाचणीचं निरीक्षण आहे.

गुरुवार, ३० मे

ऑफिसचं दार उघडलं नाही. लॅपटॉप घरी आहे, घरूनच बसले.

माझ्या पाटीला स्वतःलाच हाक मारायला लावली. राखाडीच. आपणच आपल्याला मारलेली हाक मोजत नाहीत.

मग सुचलं. काका हाक मारत होते तोवर काकू वाचल्या होत्या. कोणाची तरी हाक असली की पुरतं. माझी पाटी आत्याला हाक मारतेच, आता आत्याच्या पाटीतून मला हाक मारली. मी तिला, ती मला.

दोन्ही नावं काळीभोर झाली. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. आत्या धावत आली, ठके ठके करत. आज दिवसभर आम्ही उगाचच एकमेकींना हाका मारतोय. ती हसते. तिला वाटतं मला ऑफिसातून सुट्टी मिळाल्याचा आनंद झालाय.

वाचलो.

शुक्रवार, ३१ मे

अकरा वाजता नवी सुधारणा बसली. आपोआप. मीच खूण केली होती.

लिहिलंय की केरसुणीची नजर आता अधिक तीक्ष्ण झाली आहे. ती मोठ्या दारापासून निघते आणि हाकेमागची हाक तपासत येते. आमची दोन्ही नावं राखाडी. खाली एक ओळ —

‘हे दोन तुकडे फक्त एकमेकांना हाक मारतात. वापरात नाहीत.’

साडेबारा. आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग काय झालं, आपल्याला तिसरं लागतंय कोण. आणि भाजी चिरायला लागली.

एक. शेजारणीची बेल वाजवली. तिने दार उघडलं, जिन्यात बघितलं, बंद केलं. पुन्हा वाजवली. आतून म्हणाली, वायर खराब झालीय वाटतं.

दोन. आगीचा तुकडा आठवला. बाहेरची हाक. काकांनी शिकवलेली ती ओळ दोन्ही पाट्यांच्या डोक्यावर लिहिली. पडदा म्हणतो —

‘बाहेरून हाक आल्याची नोंद नाही. वाट पाहत आहे.’

आम्हीही वाट पाहतोय. घड्याळ चालू.

अडीच. स्वयंपाकघरातून हाक आली. ‘अगं.’ नुसतं अगं. ठके नाही.

अडीच वाजून गेलेत. तिने विचारलं, कोण आहे तिकडे? मी आत गेले. तिने एकच ताट घेतलं होतं. माझ्या पलीकडच्या भिंतीकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नाही, म्हणजे भीतीसुद्धा — मी आत्या म्हटलं. मोठ्याने. तिने नळ बंद केला. कान दिला आणि पुन्हा नळ सुरू केला.

आता तिचे हातसुद्धा नीट दिसत —

पावणेतीन. पहिलं पान उघडलं. ‘नाव’ असं छापलंय. पुढे टिंबं. नुसती टिंबं.

मला आठवतंय अजून. लिहिते. जो कोणी हे वाचेल — तू बाहेरचा आहेस, तुझी हाक चालेल — एकदाच, मोठ्याने. एक पुरते. दोघींना एकेक. आधी आत्याचं —

आत्याचं नाव — आत्या म्हटलं की ती वळून बघायची, मी कधी —

नाही. वेळ नाही. माझं तरी. झाडायचा आवाज — दारापासून —

हाक मार. माझं नाव